कॅरिबियन भुतांच्या कविता : वाचनाच्या बैठकीत नेमकं काय वाचावं?

खांडेपार :

वाचनालयाच्या मासिक बैठकीसाठी 45 मिनिटांचा कार्यक्रम बसवायचा आहे. विषय ठरलाय : कॅरिबियन बेटांवरची भुतं-खेतं, लोकसमजुती आणि त्यांच्यावरच्या कविता. दोन कविता पक्क्या आहेत. एक डेरेक वॉलकॉट यांची ‘ल लूगारू’ (लूगारू म्हणजे रात्री जनावराचं रूप घेणारा माणूस) आणि दुसरी गयानाचे मार्क मॅकवॉट यांची ‘ओल हायग’. श्रोते पंचवीसेक. मराठी-कोकणी वाचणारे, इंग्रजी बऱ्यापैकी समजणारे, पण वेस्ट इंडीज म्हटलं की क्रिकेटपलीकडे फारसं काही न आठवणारे.

प्रश्न असे : कवितेआधी भुतांची माहिती किती द्यावी? आपल्याकडचे देवचार, हडळ, अळवंतीण मध्ये आणावेत का, आणि कोणाच्या शेजारी कोणाला बसवावं? असल्या कार्यक्रमात हमखास काय फसतं? आणखी एखादी कविता सुचवायची असेल तर तीही सांगा.

---

चौकट :

माहिती कमी द्या, नियम मात्र सगळे द्या. भूत कसं दिसतं याचं वर्णन करत बसलात तर वीस मिनिटं जातील आणि कवितेला काहीच उपयोग होणार नाही. कॅरिबियन भुतांचं वैशिष्ट्य त्यांच्या नियमांत आहे. त्याला काय करता येतं, काय येत नाही, आणि माणसाने कुठला तोडगा करायचा. कवी याच नियमांशी खेळतो, आणि नियम माहीत नसेल तर तो खेळ श्रोत्याला दिसतच नाही.

ओल हायगपुरते नियम सांगतो. गावातली एकटी राहणारी म्हातारी. हिला त्रिनिदादमध्ये सुकूयाँ म्हणतात. रात्री ती अंगावरची कातडी उतरवून ठेवते, बहुधा उखळात किंवा भोपळ्याच्या भांड्यात. मग आगीचा गोळा होऊन उडते, कुलपाच्या भोकातून घरात शिरते आणि झोपलेल्याचं, विशेषतः तान्ह्या बाळाचं, रक्त पिते. उजाडायच्या आत तिला परत कातडीत शिरावं लागतं. तोडगे दोन. दारात तांदूळ फेकायचे, म्हणजे एकेक दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही आणि मोजता मोजता उजाडतं. दुसरा, ती कातडी शोधून तिला आतून मीठ-मिरची चोळायची, म्हणजे परत अंगावर चढवताना आग होते.

आता मॅकवॉटची कविता. सगळी कविता हायगच्या तोंडी आहे आणि ती भीती घालत नाही, कुरकुर करते. रात्रभर बिनकातडीचं हिंडायचं, मूर्खांना घाबरवायला उसाच्या आगीसारखं स्वतःला जाळून घ्यायचं, आणि मिळतं काय तर थेंबभर रक्त. ही ‘उसाची आग’ समजावून सांगा. तोडणीआधी उसाला आग लावतात, पाला जळतो, साप-विंचू पळतात, तोडणी सोपी होते. म्हणजे म्हातारीला उपमा सुचते तीही साखरेच्या मळ्यातली, जिथे तिच्या पूर्वजांनी गुलाम म्हणून राबून आयुष्य काढलं. पुढे ती म्हणते की मलाही इतरांसारखं मसाला घातलेलं ब्लॅक पुडिंग खायला आवडलं असतं. गयानात हे गाईचं रक्त, भात आणि मसाले आतड्यात भरून करतात. गोव्यातल्या श्रोत्यांना एक वाक्य पुरे : पारंपरिक सारपातेलात डुकराचं रक्त पडतं. मग विनोद लगेच पोचतो. रक्त तर सगळा गाव खातो, फक्त मसाला घालून.

मिठावर मात्र थोडं थांबा. मीठ म्हणजे केवळ जखमेवरची आग नव्हे. कॅरिबियनमध्ये एक जुनी समजूत आहे की ज्या आफ्रिकन माणसाने मीठ खाल्लं नाही तो उडत आफ्रिकेला परत जाऊ शकतो. मीठ खाल्लं की अंग जड होतं, मग उडता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पितरांसाठी, आत्म्यांसाठी शिजवलेलं अन्न अळणी ठेवतात. आणि मळ्यावरच्या गुलामांना शिधा म्हणून मिळायचे खारवलेले मासे. तेव्हा हायग मिठाच्या वेदनेबद्दल बोलते ती ओळ हलकी नाही, तिच्यामागे हे सगळं उभं आहे. वाचणाऱ्याने तिथे घाई करू नये.

शेवटाकडे म्हातारी डाव उलटवते. मी नसते तर आयांनो, तुमच्या मनातल्या जुन्या भीतीला नाव कुठलं दिलं असतं, आणि डोक्यातल्या खुनाचा दोष कुणावर ठेवला असता? बाळ दगावलं की कुणीतरी दोषी लागतो, म्हणून हायग लागते. बायका बाळंत होत राहतील तोवर मी मरत नाही, असं ती ठणकावते. हाच कवितेचा कणा. तिथे हशा पिकला तर समजा वाचन फसलं.

---

निवटी :

‘ल लूगारू’बद्दल. ही वॉलकॉटच्या ‘टेल्स ऑफ द आयलंड्स’ या दहा सुनीतांच्या मालिकेतली नववी कविता. मालिका ‘इन अ ग्रीन नाइट’ या 1962 च्या संग्रहात आहे. कवी सेंट लुशियाचा, जन्म 1930, नोबेल 1992. एवढा परिचय भरपूर झाला.

ओळी चौदा, पण त्यात दोन कविता आहेत. पहिल्या आठ ओळी ल ब्रँ या म्हाताऱ्याच्या बदनामीच्या. शिवणकाम करणाऱ्या पिकल्या केसांच्या बायकांच्या कुजबुजीतून गोष्ट गावभर फिरते. तो रस्त्याने आला की खिडक्यांच्या झडपा सावकाश मिटतात. पांढरा लिननचा सूट, गुलाबी चष्मा, बुचाची टोपी, ठक ठक करणारी काठी. धंदा सडक्या फळांचा, तोही परवाना काढून. सैतानांशी सौदा केला आणि त्यातच बुडाला, असं गाव म्हणतं. मग नवव्या ओळीला वळण : एका रात्री तो अल्सेशियन कुत्रा झाला, त्याच्याच राखणदाराने त्याला घाव घातला, आणि आतडी ओढत, रक्त सांडत तो स्वतःच्या उंबरठ्याशी येऊन पडला.

तीन गोष्टी श्रोत्यांच्या हाताला लागल्या पाहिजेत.

पहिली, सांगणारं कोण. कवी त्या बायकांना ‘ख्रिस्ती चेटकिणी’ म्हणतो. म्हणजे ज्या चर्चला जातात, शिवण करतात आणि दुसऱ्याला सैतानाचा भागीदार ठरवतात, त्यांच्याच गळ्यात कवी चेटकाचा शब्द अडकवतो. लांडगा ल ब्रँ की त्या बायका, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

दुसरी, कुत्रा अल्सेशियन आहे. बेटावरचा गावठी कुत्रा नव्हे, युरोपातून आलेली जात. सूट, बुचाची टोपी आणि अल्सेशियन एका माळेतले आहेत. गोऱ्या साहेबासारखा दिसू पाहणारा माणूस जनावर झाला तरी साहेबाचाच कुत्रा होतो.

तिसरी, कविता ‘मेला’ असं म्हणत नाही. ‘जवळजवळ मेला’ म्हणते आणि संपते. माणूस सापडला का, कुत्रा सापडला का, काही सांगत नाही. बरेच निवेदक इथे पुढची गोष्ट स्वतःच सांगून टाकतात, की सकाळी तो जखमी सापडला वगैरे. लोककथेत तसं असतं, कवितेत नाही. घालू नका.

दोन्ही कविता शेजारी ठेवायच्या तर आधी ‘लूगारू’ घ्या. त्यात गाव बोलतं आणि आरोपी गप्प आहे. ‘हायग’मध्ये आरोपीच बोलायला लागते. हा क्रम उलटा केला तर दुसरी कविता नुसती भुताची गोष्ट वाटते.

---

व्हाळ :

गोव्याकडच्या जोड्या लावताना सावध राहा. पहिला मोह होतो देवचार आणि लूगारूची जोडी लावायचा, कारण दोघेही रात्रीचे. ही जोडी चुकीची. देवचार हा सीमेचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळ, वाट चुकलेल्याला वाटेला लावणारा. त्याला रोट, सोरो, विडी ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. त्याच्याशी गावाचा करार आहे. त्याला मानणाऱ्यांच्या बैठकीत त्याला रक्तपित्या भुताच्या रांगेत उभं केलंत तर बैठक तिथेच बिघडेल, आणि बिघडायलाच हवी.

देवचाराच्या जवळ जातो तो पापा ब्वा. त्रिनिदाद, सेंट लुशियातला रानाचा राखणदार, म्हातारा, पाय खुरांचे. रानात भेटला तर अदबीने नमस्कार करायचा आणि पायांकडे बघायचं नाही. याहून जवळचा म्हणजे त्रिनिदादमधल्या भारतीयांचा डीह. जमिनीचा, शेताचा मालक. वर्षातून एकदा त्याची पूजा, नारळ, कोंबडा, रम, सिगारेट. 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ या जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले, नंतर येणाऱ्यांत भोजपुरी मुलखातले पुष्कळ, आणि हा डीह त्यांच्याबरोबर गेला. तिथली चुरील पण तशीच गेली : गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई, बाळासकट रडत हिंडते. ही आपली अळवंतीण. इथे तुलना करायची गरजच नाही, मूळ एकच आहे.

बाकी जोड्या थोडक्यात. ला जाब्लेस, म्हणजे वरून देखणी बाई, लांब झगा, मोठी टोपी, झग्याखाली एक पाय गाईच्या खुराचा. चालताना तो पाय गवतात ठेवते म्हणजे आवाज होत नाही. हिच्याजवळ हडळ ठेवा, पुढून भरलेली आणि मागून पोकळ. तोडगा मात्र वेगळा : ला जाब्लेसच्या मागे लागून रान चुकलात तर अंगातले कपडे उलटे करून घालायचे. द्वेन म्हणजे बाप्तिस्मा न होता मेलेली मुलं. तोंडाला नाक-डोळे नाहीत, डोक्यावर मोठी गवती टोपी, पावलं उलटी. पोरांना हाक मारून रानात नेतात, म्हणून तिन्हीसांजेनंतर पोराला बाहेरून नावाने हाक मारत नाहीत. उलट्या पावलांची भुतं आपल्याकडे ठाऊकच आहेत, रान चुकवणारा चकवाही.

बाप्तिस्म्याचा मुद्दा गोव्यात नीट पोचेल. द्वेन हे भूत चर्चशिवाय जन्मालाच आलं नसतं. आफ्रिकन समजूत आणि कॅथलिक भीती यांच्या सांध्यावर ते उभं आहे. वॉलकॉटच्या ‘टी-जाँ अँड हिज ब्रदर्स’ या 1958 च्या नाटकात याचाच भाऊ शोभेल असा बोलोम आहे, जन्मच न मिळालेला गर्भ. नाटकात पापा ब्वाही आहे. वेळ उरला तर बोलोमचा एक प्रवेश वाचण्यासारखा आहे, पण 45 मिनिटांत बसणार नाही.

---

खांडेपार :

देवचाराबद्दल अगदी वेळेवर सांगितलंत, तीच जोडी टिपणात होती. काढली.

दोन शंका. तांदूळ मोजण्याचा भाग मंचावर करून दाखवावा असं काहींचं म्हणणं आहे, मूठभर तांदूळ ताटात टाकायचे वगैरे. चालेल? आणि ‘हायग’ इंग्रजीतच वाचावी की मराठी रूपांतर करून? त्यातली बोली क्रिओल आहे, म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी.

---

नांदी :

तांदूळ दाखवा, पण हिशोब आधी करा. हजार दाण्यांचं वजन साधारण 20 ग्रॅम भरतं, जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त. मूठभर म्हणजे 40-50 ग्रॅम, दोन हजारांच्या पुढे दाणे. सेकंदाला एक मोजला तरी हजाराला 16 मिनिटं 40 सेकंद लागतात. कवितेत हायग हजार दाण्यांची तक्रार करते, म्हणजे खरं पाहिलं तर तिचं काम पाव तासात उरकलं असतं. ती मोजदाद सांगत नाही, वाकून वाकून कंबर मोडल्याचं सांगते. हे मंचावर करून दाखवायचं तर एकाने ताटातले दाणे एकेक उचलत राहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने कविता वाचायची. वाचन संपतं तेव्हा तीस-चाळीस दाणे उचललेले असतात. श्रोत्यांना ते आपोआप दिसतं, बोलावं लागत नाही. ताट स्टीलचं घेऊ नका, दाण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो. सूप घ्या. तांदूळ उकडे घ्या, मोठे असतात, लांबून दिसतात.

रूपांतराचं म्हणाल तर मूळ आधी, मराठी नंतर, आणि मराठी प्रमाण भाषेत नको. प्रमाण मराठीत हायग शाळेतल्या बाई होते. पेडण्या-डिचोलीकडची घरगुती बोली, म्हातारीच्या तोंडची, ठेवा. क्रिओल वाचताना वेस्ट इंडियन उच्चारांची नक्कल मात्र अजिबात नको. ऐकणारे हसतात आणि मग शेवटपर्यंत हसतच राहतात. शब्द छापले आहेत तसे, आपल्याच आवाजात, सावकाश.

वेळ असा लावा :

पहिली 5 मिनिटं नकाशा. त्रिनिदाद, सेंट लुशिया, गयाना, जमैका बोटाने दाखवायचे. गयाना बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा देश आहे, ही चूक सर्रास होते.
मग 6 मिनिटं नियम. फक्त लूगारू आणि हायग.
‘लूगारू’ दोनदा वाचा. सुनीत वाचायला जेमतेम मिनिट लागतं, त्यामुळे दुसरं वाचन परवडतं. मध्ये चर्चा. सगळं मिळून 12.
‘हायग’ मूळ, मग रूपांतर, मग चर्चा. 14.
उरलेली 8 मिनिटं गोव्याकडच्या जोड्या आणि प्रश्न.

लूगारूचा नियम सांगायला विसरू नका, तो वर राहून गेलाय : सैतानाशी सौदा, रात्री रूप बदलणं, आणि जनावराला झालेली जखम सकाळी माणसाच्या अंगावर सापडणं. हा तिसरा भाग माहीत असेल तरच वॉलकॉटने कविता कुठे तोडली ते कळतं.

कविता कागदावर छापून वाटायच्या तर दुसऱ्या वाचनाच्या आधी वाटा, सुरुवातीला नको. कागद हातात आला की माना खाली जातात. अक्षर 14 पॉइंटहून लहान नसावं, ज्येष्ठ मंडळींना त्रास होतो.

---

पाटावरचा :

एक वेगळा मुद्दा. या सगळ्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं व्हायचं का? त्या कविता भुतांची टिंगल करतात असं सूत्र धरलं तर कार्यक्रम सोपा होईल, पण ते सूत्र खोटं आहे.

---

चौकट :

खोटंच आहे. कारण तिथे या समजुतींवर खटले चाललेत. जमैकात 1760 मध्ये टॅकी या पुढाऱ्याच्या मागे झालेल्या गुलामांच्या उठावानंतर मळेवाल्यांच्या सभागृहाने ओबीवर कायद्याने बंदी आणली. ओबी म्हणजे तिथली मंत्रतंत्र-औषधांची आफ्रिकन परंपरा. बंडखोरांना ओबीवाल्यांनी शपथा दिल्या होत्या, गोळी लागणार नाही असे तोडगे दिले होते, म्हणून मालकांना त्याची धास्ती. त्रिनिदादने आपला ओबीविरोधी कायदा रद्द केला तो थेट 2000 मध्ये. तेव्हा विसाव्या शतकातला कवी लूगारूवर लिहितो तेव्हा तो गुन्हा ठरवलेल्या गोष्टीवर लिहीत असतो.

गोव्यातल्या श्रोत्यांना हे परकं नाही. 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, जाहीरनाम्याने लग्नातली गाणी, दारची तुळस, विधी, पोशाख यांवर बंदी घातली होती. सत्ता लोकांच्या समजुतींना घाबरते तेव्हा काय करते हे दोन्हीकडे एकाच धर्तीवर दिसतं.

पण म्हणून या कवितांना समजुतींच्या बाजूचंही करू नका. दोन्ही कवितांत गाव एका माणसाला वाळीत टाकतं, आणि तो माणूस म्हातारा, एकटा किंवा विचित्र असतो. आपल्याकडे चेटकाचा आळ बहुधा कुणावर येतो ते आठवा : विधवा, निपुत्रिक, जिच्या नावावर थोडं भाट किंवा घर आहे ती. कवी भुतावर विश्वास ठेवतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, आरोप कसा तयार होतो हे दाखवा.

---

निवटी :

याच्याशी सहमत, एक दुरुस्ती धरून. ल ब्रँला वाळीत टाकण्यासारखं त्याने काहीच केलं नाही असंही कविता म्हणत नाही. हावरेपणा आणि सडकी फळं विकणं तिथे आहे. तो निष्पाप बळी असता तर सुनीत एवढं टोकदार झालं नसतं. म्हाताऱ्याची कीव यावी असं वाचू नका, कोरडं वाचा.

तिसरी कविता हवी असेल तर कमाउ ब्रॅथवेट यांची ‘लिंबो’. बार्बाडोसचे कवी, 1930 ते 2020. ‘आयलंड्स’ या 1969 च्या संग्रहात ती आहे. आडव्या काठीखालून मागे वाकत जायचा नाच गुलामांच्या जहाजातल्या अरुंद तळाशी जोडणारी कविता. भूत नाही, पण काठी आणि ढोल यांच्या तालावर अंगात यायची लय आहे. आपल्याकडे अवसर येताना ढोल-ताशाची चाल बदलते ते जाणणाऱ्यांना पटकन कळेल. ढोलावर हलका ठेका धरून वाचता येते. मात्र ठेका घुमट या आपल्या मातीच्या वाद्यावर नको, घुमटाचा नाद कवितेतल्या काठीच्या कोरड्या आवाजाशी जुळत नाही. बांबूच्या दोन काठ्या पुरतील.

---

खांडेपार :

‘लिंबो’ घेतो, गोव्याच्या जोड्यांची आठ मिनिटं पाचावर आणून. मग डीह आणि चुरील एवढंच बोलता येईल, पापा ब्वाला एक वाक्य.

---

व्हाळ :

चालेल. पण पाच मिनिटांतही खाप्रीला अर्धं मिनिट काढा. गोव्यात मोझांबिककडून गुलाम आणले गेले, आणि त्या आफ्रिकन माणसाचं भूत म्हणून खाप्री इथल्या लोकांच्या बोलण्यात राहिला. कोचीत कप्पिरी मुत्तप्पन आहे, त्याला ताडी आणि चिरूट ठेवतात. कॅरिबियनमध्ये गुलामांनी आपली भुतं बरोबर नेली, इथे गुलामच भूत झाला. ‘लिंबो’च्या लगेच नंतर सांगा, आधी नको, नाहीतर कविता ऐकताना लोक खाप्रीच शोधत बसतील.